तीनच्या खेळाचा चार्ज

१

एकशे अकरावं पान होतं, एकशे तेरावंही होतं. मधलं पान नव्हतं.

तपासणीस बाईंनी रजिस्टर खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पाहिलं. शिवणीला लागून बोटभर रुंदीची पट्टी उरली होती आणि तिची कड आखून काढल्यासारखी सरळ होती. घाईत फाडलेलं पान असं दिसत नाही.

साडेचार वाजले होते. खाली अंगणात बंबवाले नळ्या गुंडाळत होते. पन्नास मिनिटांपूर्वी, ऐन खेळात, पडदा सरकवणारी मोटर जळून हॉलमध्ये धूर भरला होता. आत दोनशे चौदा प्रेक्षक, त्यांतली दीडशे पहिली-दुसरीतली पोरं. अलार्म वाजल्यापासून शेवटचं दार, म्हणजे तीन नंबरचं, बाहेरून ओढून घेईपर्यंत दोन मिनिटं चाळीस सेकंद लागल्याची नोंद अलार्मच्या यंत्रात उमटली होती. कोणालाही साधं खरचटलं नव्हतं.

बाईंनी सत्तावीस वर्षं थिएटरांमधून हातात घड्याळ धरून कवायती घेतल्या होत्या. धूर नसताना, सगळी मोठी माणसं असताना, आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं असतानाही तीन मिनिटांच्या आत रिकामं झालेलं थिएटर त्यांनी पाहिलं नव्हतं. आज त्या शाबासकी द्यायला आल्या होत्या. रजिस्टर मागितलं ते केवळ रीत म्हणून.

नियम त्यांना झोपेत विचारला तरी म्हणता आला असता. खेळ चालू असताना हॉलच्या सुरक्षेचा चार्ज एका माणसाकडे हवा. त्याचं वय अठरा वर्षं पूर्ण हवं. त्याची जागा फोयरमधल्या, म्हणजे हॉलबाहेरच्या दालनातल्या, लाल पेटीपाशी, आणि तेवढ्या वेळात त्याला दुसरं काम नको. दारावर उभं राहणाऱ्याला सोळा पूर्ण असली तरी चालतात. चार्ज घेणाऱ्यानं खेळाआधी रजिस्टरात नाव, वेळ आणि सही करायची. नोंद सापडली नाही, तर चार्ज कोणाकडेच नव्हता असं धरायचं आणि परवाना बंद करायचा.

शेवटच्या कलमात ‘शकतो’ किंवा ‘विचार करावा’ असलं काही नव्हतं. बाईंचा अहवाल उद्या संध्याकाळी पाचला कचेरीत पोचायचा होता.

“चार्ज माझ्याकडेच होता,” मॅनेजर म्हणाला. पन्नाशीकडे झुकलेला, टापटिपीचा माणूस. “मीच आत उभा राहून ओरडून ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. पान काय, बंबवाल्यांच्या गडबडीत गेलं असेल कुठेतरी.”

बंबवाले खिशात पट्टी आणि ब्लेड घेऊन आग विझवायला येत नाहीत, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्या मॅनेजरच्या ओठांकडे बघत राहिल्या. त्यानं चहाचा घोट घेतला होता, आणि तो घोट डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर, तिथून पांढऱ्याशुभ्र कॉलरवर उतरत होता. मॅनेजरला त्याचा पत्ताच नव्हता.

२

थिएटरवाल्यांनी बाईंना ‘कुलूपबाई’ असं नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी पलीकडच्या वस्तीतल्या एका थिएटरला त्यांनी उभ्या उभ्या कुलूप लावलं होतं. तिथे बाहेर पडायच्या दाराला साखळी होती आणि साखळीची किल्ली पंधरा वर्षांच्या पोराच्या खिशात. सगळ्या हॉलचा चार्ज त्याच्याकडे, कारण तो स्वस्तात मिळाला होता. मालकानं हातापाया पडून पाहिलं. बाईंनी कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि निघून गेल्या. त्याचा पश्चात्ताप त्यांना आजही नव्हता.

त्यामुळे त्या दिवशी या थिएटरातली माणसं त्यांच्याशी बोलताना जरा जास्तच नीट बोलत होती.

ऑपरेटर साठीचे होते. त्यांना थिएटरात सगळे मामा म्हणायचे, कारण त्यांची सख्खी भाची इथेच दारावर कामाला होती आणि तिचं ऐकून ऐकून सगळ्यांनाच ती सवय लागली होती. रिळांच्या जमान्यात त्यांनी उमेदवारी केली होती. आता सगळं यंत्र आपोआप चालवतं आणि ते यंत्रावर लक्ष ठेवतात. “म्हणजे राखणदार झालोय मी,” ते म्हणाले. “पूर्वी वाघ सांभाळायचो, आता वाघाचा फोटो.” मग त्यांनी हकिगत सांगितली. धूर दिसला, सिनेमा थांबवला, हॉलचे दिवे लावले. मॅनेजरसाहेबांनी ‘शांतपणे उठा’ असं सांगितलं. मागच्या रांगांपासून माणसं बाहेर काढली.

तिकीट खिडकीवरच्या मावशी बावन्न-त्रेपन्नच्या, जाड भिंगांचा चष्मा. आपण खिडकीत होतो आणि काही पाहिलं नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण ऐकलं ते असं: सिनेमा थांबला, दिवे लागले, साहेबांनी शांतपणे उठायला सांगितलं, मागच्या रांगा आधी गेल्या.

मॅनेजरनंही हेच सांगितलं होतं. हाच क्रम आणि जवळजवळ हेच शब्द.

तीन माणसं एकच प्रसंग सांगताना एका शब्दानंही चुकत नाहीत, तेव्हा बाईंच्या कपाळावर आठी पडते. लग्नाहून आलेली तीन माणसं जेवणात काय होतं तेही एकसारखं सांगत नाहीत. खोलीबाहेर पडताना त्यांना भिंतीवर चौकटीतलं कार्ड दिसलं. आगीच्या वेळच्या सूचना. एक, चित्रपट थांबवा. दोन, दिवे लावा. तीन, ‘शांतपणे उठा’ असे सांगा. चार, मागील रांगांपासून सुरुवात करा. खाली कचेरीचा शिक्का आणि सही. सही बाईंचीच होती, एकोणीस वर्षांपूर्वीची.

तिघांनी घडलेलं सांगितलं नव्हतं. त्यांनी कार्डच पाठ म्हणून दाखवलं होतं.

जिन्याच्या तोंडाशी एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. गालावर काजळीचा फराटा, हातात विझलेली बॅटरी. मामांची भाची. “मला कोणीच काही विचारलं नाही,” ती म्हणाली.

मागून मॅनेजर घाईघाईनं आला. ती लहान आहे, तिला काही माहीत नाही, असं काहीतरी तो बोलू लागला. बाईंनी तिचं वय विचारलं. मॅनेजरनं तोंड उघडण्याआधीच पोरीनं सांगितलं, “सतरा वर्षं आठ महिने. दारावर चालतं मला. मामांनी कायदा वाचूनच लावलंय.”

“तुला मी आज काही विचारणार नाही,” बाई म्हणाल्या.

“का?”

“कारण तू खरं सांगशील. आणि एकदा सांगितलंस की मला ते लिहावं लागेल.”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाई शाळेत होत्या. दीडशे पोरांना सिनेमाला नेणाऱ्या शिक्षिका अजून त्याच विषयावर बोलत होत्या. कदाचित पुढची दहा वर्षं त्या त्यावरच बोलल्या असत्या.

सिनेमा एका अस्वलाचा होता. अस्वल गुहेत झोपलेलं असताना पडद्याच्या कोपऱ्यातून धूर आला. बाई म्हणाल्या, “मग सिनेमा थांबला.” शिक्षिका म्हणाल्या, छे, कुठे थांबला. शेवटपर्यंत चालू होता. दिवे लागले आणि तीन नंबरच्या दारावरची ती मुलगी मधल्या वाटेत येऊन उभी राहिली. ओरडली नाही. तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि पुढच्या रांगेतल्या पोरांना सांगितलं की अस्वल झोपलंय, त्याला जागं न करता आपण सगळ्यांनी बाहेर जायचंय, आधी पहिली रांग.

“आधी पहिली?” बाईंनी विचारलं. “मागची नाही?”

“पहिली. मग दुसरी, मग तिसरी. अहो, दीडशे पोरं चवड्यांवर चालत बाहेर पडली. वर्गातून पाणी प्यायला सोडते तेव्हा छप्पर उडतं. एकानंही आवाज केला नाही. मोठी माणसंसुद्धा चवड्यांवर चालत होती, काय सांगू तुम्हाला.”

आत दुसरं कोणी मोठं माणूस हुकूम देत होतं का, हे बाईंनी दोनदा विचारलं. शिक्षिका विचार करून म्हणाल्या की शेवटी शेवटी एक म्हातारे गृहस्थ धावत आले आणि दारात उभे राहिले. तेव्हा ती मुलगी त्यांना म्हणाली, “मामा, दार अडवू नका. आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा.” ते बिचारे बाहेर गेले.

बाई रस्त्यानं चालत बंबखान्याकडे निघाल्या. डोक्यात हिशेब चालू होता. चित्रपट थांबला नाही, म्हणजे मामा केबिनमध्ये नव्हते. धूर बघताच ते भाचीसाठी सगळं टाकून खाली धावले. मॅनेजर थिएटरातच नव्हता. बाईंनी स्वतः महिन्यापूर्वी दाढ काढून घेतली होती, आणि सुईनं सुन्न झालेला ओठ किती तास आपला राहत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. साडेचारला ज्याला हनुवटीवरचा चहा कळत नाही, तो पावणेचारला ओरडून ओरडून हॉल रिकामा करत नसतो. तो दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत असतो.

म्हणजे हुकूम दिले ते सतरा वर्षं आठ महिन्यांच्या मुलीनं. पान का कापलं गेलं ते उघड दिसत होतं. त्यावर तिची सही असणार.

सत्तावीस वर्षांत पाहिलेलं सगळ्यात उत्तम काम, आणि त्याच कामापायी संध्याकाळी त्या दाराला कुलूप लावायचं. त्या पोरीचं नाव कचेरीच्या वहीत चढलं की तिला पुन्हा कुठल्याही हॉलच्या दारावर कोणी उभं केलं नसतं.

बंबखान्यातल्या माणसानं फोनच्या नोंदी काढल्या. तीन एकेचाळीसला फोन आला होता. बाईचा आवाज, मोठ्या वयाचा, जराही न घाबरलेला. आत दोनशे चौदा माणसं आहेत, धूर पडद्याच्या डाव्या बाजूला आहे, मागचं फाटक मी उघडायला लावलंय, असं तिनं सांगितलं होतं. आणि फोन तिकीट खिडकीवरून आलेला नव्हता. तो लाल पेटीतल्या टेलिफोनवरून आला होता.

४

लाल पेटी फोयरच्या भिंतीत होती. तिच्यात टेलिफोन, अलार्मचं बटण आणि हॉलच्या दिव्यांची दुसरी कळ. पेटीला कुलूप, आणि किल्ली चार्ज असलेल्याच्या गळ्यात, लाल गोफात. दुसऱ्याच्या हाती ती द्यायची नाही.

मावशी बंद खिडकीमागे बसून तिकिटांच्या कोऱ्या गुंडाळ्या उगीचच इकडच्या तिकडे लावत होत्या. दुपारचा एक वाजला होता. बाई स्टूल ओढून समोर बसल्या आणि त्यांनी एकेक गोष्ट सांगत नेली. मामा केबिनमध्ये नसताना दिवे लागले, म्हणजे ते पेटीतून लागले. आत नेमकी दोनशे चौदा माणसं आहेत हे तोंडपाठ असणारं माणूस थिएटरात एकच. फोनवरचा आवाजही बाईमाणसाचा. आणि खिडकी तीनला दहा मिनिटं कमी असताना बंद होते, तसं वर लिहिलेलंच आहे. म्हणजे पावणेचारला मावशींना दुसरं काम नव्हतं.

“किल्ली तुमच्या गळ्यात होती,” बाई म्हणाल्या. “चार्ज तुमच्याकडे होता, मावशी. मग तुम्ही तो लपवताय कशासाठी?”

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग जे बाहेर आलं ते एका दमात आलं. साहेबांची दाढ रात्रभर ठणकत होती. त्यांनी दुपारी रीतसर चार्ज दिला, मावशींनी दोन चाळीसला सही केली. त्या पेटीपाशीच बसल्या होत्या; पोरीनं दारातून धूर सांगताच त्यांनी अलार्म दाबला, दिवे लावले, फोन केला, फाटक उघडवलं, बाहेर येणारी माणसं मोजली. पण आत सगळं पोरीनं केलं. साहेब चारला परत आले तेव्हा तिघांनी बसून विचार केला. आत हुकूम कोणी दिले हे दोनशे माणसांनी ऐकलंय. चार्ज मावशींकडे होता आणि मावशी तर हॉलमध्ये नव्हत्या. मग कुलूपबाई म्हणणार की चार्ज नावाला म्हातारीकडे आणि खरा पोरीकडे. त्यापेक्षा साहेब आत होते असं सांगू. त्यांचा आवाज दांडगा, लोकांना खरं वाटेल.

“आणि पान साहेबांच्या गोष्टीशी जुळत नव्हतं.”

“नव्हतं ना. मग ते काढलं.”

बाईंनी पर्समधली वही मिटली. मग त्यांनी शांतपणे विचारलं की नियमाचं पुस्तक या इमारतीत आहे का. होतं. मॅनेजरच्या कपाटात, आलं होतं त्याच पाकिटात. कोणी उघडलं नव्हतं. सगळ्यांनी कार्ड पाठ केलं होतं. चार्ज असलेल्यानं हॉलमध्ये थांबावं असं पुस्तकात कुठेच नव्हतं. उलट त्यानं पेटीपाशीच थांबायचं होतं, आणि हॉल रिकामा करायचा तो जवळच्या दारावरच्या माणसानं. सोळा पूर्ण असलेल्या.

“म्हणजे?” मावशी म्हणाल्या.

“म्हणजे काल इथे सगळं नियमानं झालं. एकच गोष्ट बेकायदा झाली. ते पान कापलं ती.”

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. पान कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं. रजिस्टर कोण घेऊन गेलं ते त्या सांगेनात. जळून गेलं असेल आता, एवढंच पुटपुटल्या. नुसत्या तोंडच्या साक्षीवर परवाना राहत नाही, हे दोघींनाही कळत होतं. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला.

५

बाई मॅनेजरच्या खोलीत परत गेल्या आणि रजिस्टर उघडून त्यांनी ती बोटभर पट्टी पुन्हा पाहिली. काल नुसते डोळे फिरवले होते. आज बोट फिरवलं. पट्टीच्या मुळाशी, शिवणीवर, एक पारदर्शक चिकटपट्टी होती. इतकी पातळ आणि इतकी नेमकी लावलेली की उजेडात धरल्याशिवाय दिसू नये. दोन्ही टोकं कागदाच्या कडेबरोबर कापलेली. आत हवेचा एक बुडबुडा नाही.

चिकटपट्टी मॅनेजरच्या टेबलावरही होती: रुंद, खाकी, टोकाला केस चिकटलेली. मावशींकडे पोस्टर डकवायची होती. ही त्यांतली नव्हती.

शिवाय तिची गरजच नव्हती. पट्टी उरवून पान कापलं तर शिवण सुटत नाही. ज्याला काही लपवायचंय तो काम उरकतो आणि पळतो. हा कापणारा थांबला होता, आणि गरज नसताना त्यानं जोड दिला होता. का? तर त्याच्या हातांना जोड न देता मोकळं सोडायची सवयच नव्हती म्हणून.

बाई केबिनचा जिना चढल्या. मामा यंत्राशी पाठ करून बसले होते. कोपऱ्यात फळीवर, कोणी काढून न टाकलेली, फिल्म कापायची-जोडायची जुनी पकड होती. तिच्यावर धुळीचा कण नव्हता.

बाईंनी पानाचं नाव काढलं नाही. त्यांनी रिळांच्या दिवसांबद्दल विचारलं. फिल्म मध्येच तुटली, चार चौकटी खराब झाल्या, तर काय करायचे? मामांचा चेहरा खुलला. खराब तुकडा कापायचा, दोन टोकं जोडायची, खेळ पुढे. बघणाऱ्याला कळतासुद्धा कामा नये.

“आणि कापलेला तुकडा? फेकून द्यायचा?”

“फेकून?” मामांना शिवी दिल्यासारखं वाटलं. “अहो बाई, रीळ आपलं नसतं. ते परत जायचं असतं. तुकडा डब्यात ठेवायचा, वर चिठ्ठी लावायची कुठला ते, आणि रीळ परत पाठवताना...”

ते थांबले. बाई फळीकडे बघत होत्या. पकडीशेजारी पत्र्याचा एक चपटा गोल डबा होता.

“उघडता, की मी उघडू?”

मामांनी डबा मांडीवर घेतला. घट्ट बसलेलं झाकण त्यांनी नखानं उचकटलं. आत गुंडाळी करून ठेवलेलं पान होतं, त्यावर दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: रजिस्टर, पान एकशे बारा. तीनच्या ओळीत मॅनेजरनं चार्ज दिल्याची सही, खाली मावशींचं ठसठशीत नाव, दोन चाळीस. आणि दार क्रमांक तीनसमोर भाचीची सही, वय सतरा, नियमात बसणारं.

“जाळणार होतो,” मामा म्हणाले. “काडीसुद्धा काढली. होईना. कापलेलं जाळायचं कसं?”

“तुम्ही ते जाळलं असतं, तर आज पाचला हे थिएटर बंद झालं असतं. आणि तुमच्या भाचीवर नसलेला डाग कायमचा बसला असता.”

मामांनी झाकण परत डब्यावर बसवलं. बहिणीनं पोर माझ्या भरवशावर सोपवलीय हो, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी कबूल केलं की काल ते खाली धावले तेव्हा तिला वाचवायला धावले होते, आणि दारात पोचल्यावर त्यांना कळलं की तिच्या वाटेत येणारी एकच गोष्ट आहे, ते स्वतः.

६

आता पोरीला विचारायला हरकत नव्हती. तीन वाजता मॅनेजरच्या खोलीत चौघांसमोर बाईंनी कागद पुढे ओढला.

पोरगी खरंच लपवणारी नव्हती. धूर पुढून येत होता, ती म्हणाली. मागच्यांना आधी काढलं असतं तर पुढची पोरं धुरात बसून राहिली असती. सिनेमा थांबला नाही ते बरंच झालं, नाहीतर झोपलेलं अस्वल कुठून आणायचं? शेवटी तिनं खुर्च्यांखाली बॅटरी मारून पाहिली आणि दार ओढून घेतलं.

“कार्डावर तर मागच्या रांगा आधी लिहिलंय,” बाई म्हणाल्या.

“कार्ड चुकलंय.”

“अगं,” मामा पुटपुटले. “सही कोणाची आहे बघ तरी.”

“बघितलीय,” पोरगी म्हणाली. “तरी चुकलंय.”

बाईंनी पेन उचललं. ते कार्ड रिळांच्या काळात लिहिलं होतं. तेव्हा रिळांच्या यंत्राचे दिवे फार तापायचे आणि आग लागलीच तर ती मागून, केबिनमधून यायची. रिळं गेली, केबिनमधली आग गेली, आणि बाई दर वर्षी येऊन कार्ड जागेवर आहे की नाही एवढंच बघून जात राहिल्या. त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं.

सूचनाफलक कालबाह्य, मंजुरी देणारा अधिकारी, म्हणजे प्रस्तुत तपासणीस, जबाबदार. रजिस्टरचे पान कापल्याबद्दल ऑपरेटरला लेखी ताकीद. खोटा जबाब दिल्याबद्दल मॅनेजर व तिकीट लेखनिक यांनाही तीच. चार्ज नियमानुसार पात्र व्यक्तीकडे होता आणि तिने तो पेटीपाशी, पूर्ण शुद्धीवर, निभावला. मावशींनी इथे पदराचं टोक तोंडाला लावलं. हॉल दार क्रमांक तीनवरील सेविकेने रिकामा केला. वय सतरा वर्षे आठ महिने. वेळ दोन मिनिटे चाळीस सेकंद. माझ्या नोकरीत याहून चांगले काम मी पाहिलेले नाही.

“हे शेवटचं वाक्य असं लिहितात का अहवालात?” मॅनेजरनं विचारलं. त्याचा ओठ आज जागेवर होता.

“नाही लिहीत,” बाई म्हणाल्या, आणि खाली सही केली.

पावणेपाचला कचेरीच्या माणसानं अहवालावर शिक्का मारून परवान्याचा कागद बाईंच्या हाती ठेवला. जळकी मोटर काढून वायरमननं तारा बंद केल्याचा दाखलाही त्याला जोडलेला होता. सव्वापाचला बाई पुन्हा थिएटरच्या पायऱ्या चढल्या. मॅनेजरनं कागद दोनदा वाचला आणि सहाचा खेळ लावू का, असं घसा खाकरत विचारलं. पडदा सरकणार नाही, पण उघडाच ठेवू.

“चार्ज कोणाकडे?”

पोरीनं तोंड उघडलं मात्र, मामा, मावशी आणि मॅनेजर एकदम म्हणाले, “तू नाही.”

“चार महिने,” पोरगी म्हणाली. “मोजतेय मी.” आणि बॅटरी हलवत आत निघून गेली.

मॅनेजरनं रजिस्टर ओढलं. एकशे तेराव्या पानावर नाव लिहिलं, घड्याळ बघून वेळ लिहिली, सही केली आणि लाल गोफ गळ्यात घातला. तेव्हा बाई पर्स काखोटीला मारून निघाल्याच होत्या. पण फोयरच्या मध्यावर त्या थांबल्या.

रिकाम्या हॉलमधून आवाज येत होता. दाराचा दांडा दाबला जाई, दार पुरतं उघडे, मग ओढून घेतलं जाई. एक. चार पावलं, पुन्हा दांडा. दोन. तीन. चौथ्या दाराशी ती जरा रेंगाळली. दांडा अडत असावा, कारण तो तिनं तीनदा दाबून पाहिला आणि हॉलमधूनच मामांना तेल आणायला सांगितलं. मामा “आलो, आलो” करत जिना उतरले. मग पाच.

बाईंची बस समोर लागली होती आणि कंडक्टरनं घंटा दिली होती. सहाव्या, शेवटच्या दाराचा आवाज आल्यावरच त्या पायऱ्या उतरल्या.